एकाच पाइपातली लाल तार

मी जमिनीखालून बोलतेय. हडपसरच्या एका सोसायटीतली लाल तार मी. आगीची वर्दी देणाऱ्या पेट्या भिंतीवर असतात ना, ज्यांना पॅनेल म्हणतात, त्यांना मी एकमेकींशी जोडते. तीन इमारतींत तीन आणि गेटच्या केबिनमध्ये चौथी, मोठी. कुठेही धूर झाला की बातमी गेटवर पोचवायची, हे माझं काम.

कारखान्यात मला ज्वाळेत धरून पाहिलं होतं. मी जळले नाही. मोठा अभिमान वाटला होता. माणसांशी गाठ पडायची होती अजून.

मला घालायला श्रीधर नावाचा इलेक्ट्रिशियन आला. तारेनं एका वाटेनं जायचं आणि दुसऱ्या वाटेनं परत यायचं, म्हणजे एकीकडे तुटली तरी बातमी उलटी फिरून पोचते. घराला परसदार असतं, तसं. याला रिंग म्हणतात. पण दुसऱ्या वाटेसाठी बागेतल्या नव्या फरश्या उखडाव्या लागणार होत्या.

"जाणारी आणि येणारी एकाच पाइपात बसत नाही का?" सेक्रेटरी दिगंबरराव म्हणाले.

"बसते, पण मग तिला रिंग म्हणता येत नाही, साहेब."

"का? जाते, येते. आणखी प्रदक्षिणा घालायला हवी का तिनं?"

सगळे हसले. श्रीधरही हसला आणि मला एकाच पाइपात कोंबून गेला. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

तिसऱ्या इमारतीत पाचव्या मजल्यावर आनंदीबाई राहतात. अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली. त्यांना सांभाळायला शेजारच्या मांजरी गावाहून तुळजाबाई येतात. आग लागली तर या दोघींना वेळेत कळायलाच हवं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

एका दुपारी त्या इमारतीचा भोंगा कुणाच्या तरी फोडणीनं वाजला. तळमजल्यावरच्या सुहासिनीबाई तणतणत आल्या. "अहो, माणसानं दुपारी पडायचं की नाही? गेटवर कळतंय ना? मग आमच्या कानाशी कशाला?"

भोंग्याची वायर काढून टाकली. आता सगळी भिस्त माझ्यावर.

गणपतीत मांडवाचा खांब रोवताना पहार माझ्यावर बसली. एकाच घावात दोन्ही वाटा तुटल्या. गेटवरच्या पेटीत बिघाडाचा पिवळा दिवा लागला, टीं टीं सुरू झालं. रखवालदार गेनबानं बटण दाबून आवाज बंद केला आणि दिगंबररावांना सांगितलं.

"आगीचा लाल लागलाय का?"

"न्हाई जी, पिवळा हाय."

"मग बघू विसर्जनानंतर."

विसर्जन झालं. खंडेनवमीला त्याच पेटीला झेंडूचा हार घातला. कुंकवाचं बोट नेमकं पिवळ्या दिव्यावर टेकवलं आणि सगळ्यांनी हात जोडले. खाली माझ्या तांब्याला हिरवा गंज चढत होता, वर यंत्रपूजा चालली होती.

दिवाळीच्या तोंडावर, दुपारचीच वेळ. तिसऱ्या इमारतीत मीटरच्या खोलीत ठिणगी पडली. तिथल्या पेटीनं माझ्यातून जीव तोडून हाक घातली. ती मांडवाच्या खड्ड्यापर्यंत आली आणि तिथेच संपली. गेनबा गेटवर पेपर वाचत बसला होता.

दाराखालून धूर आत आला तेव्हा तुळजाबाईंना कळलं. त्यांनी आनंदीबाईंना चादरीनं पाठीशी बांधलं आणि धुरानं भरलेल्या जिन्यानं खाली आणलं. त्यांच्या ओरडण्यानं बाकीची इमारत जागी झाली. आनंदीबाई वाचल्या. तुळजाबाईंच्या छातीत धूर बसला तो बसलाच.

सोसायटीनं काय करावं? सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, दिगंबररावांचं भाषण. मग, "तुळजाबाई, दोन शब्द बोला."

माइक हातात घेऊन त्या आधी खोकल्या. म्हणाल्या, "आजी रोज इचारत्यात, घंटी का न्हाई वाजली. म्या काय सांगू त्यास्नी?"

मग दिगंबररावांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. शिसारी आली मला.

मी अजून तुटलेलीच आहे. आनंदीबाई पुन्हा पाचव्या मजल्यावर राहायला आल्यात, आणि तुळजाबाई धापा टाकत त्यांच्याकडे येतात. तुमच्या गेटवर अशी पेटी असेल तर तिला हात जोडू नका. तिचा पिवळा दिवा बघा आणि माणूस बोलवा.

आणि तुळजाबाई, आजींना सांगा, हाक आली होती. माझ्यापर्यंत आली होती. पुढे न्यायला मला अखंड ठेवलं नव्हतं.