चौथ्या असेसरचे मत

कोर्टाच्या खिडकीच्या गजांमधून नकलनविसाने निकालाच्या नकलेचे कागद बाहेर सरकवले आणि गुणवंतने ते प्रसाद घ्यावा तसे दोन्ही हातांनी घेतले. सात पाने. शेवटच्या पानावरचा कचेरीचा शिक्का अजून ओला होता.

"सतरा सालं जुना खटला," नकलनविस म्हणाला. "धूळ झटकून झटकून नाक गळून राह्यलं माहं. कोण लागते हा मुखरू तुमचा?"

"कोणी नाही. माझे वडील असेसर होते त्या खटल्यात."

"असेसर!" नकलनविसाने चष्मा कपाळावर चढवला. "आता बंदच होऊन राह्यले म्हणते ते. दिल्लीले कायदा झाला. चला, चार खुर्च्यांची जागा मोकळी झाली."

कोणी चेष्टा केली की उत्तर गुणवंतला दुसऱ्या दिवशी सुचत असे. त्याने कागद पिशवीत घातले आणि चांदा फोर्टच्या स्टेशनाची वाट धरली.

ही नकल काढायची वेळही एका चेष्टेनेच आणली होती. नागपूरला लॉ कॉलेजच्या वसतिगृहामागे दर रविवारी पाच जण कडुनिंबाखाली बसत. ज्याने त्याने एकेक देश वाटून घेतला होता. कुठल्या देशात राजालाही कायद्यापुढे वाकावे लागते, कुठे साध्या माणसाचा शब्द चालतो, यावर वाद चाले. राजुऱ्याच्या शफीकडे फ्रान्स होता. गुणवंतकडे इंग्लंड आले, कारण उरले तेवढेच होते. तो बहुधा कडेला बसून ऐके. पण त्या रविवारी ज्युरीबद्दल सांगताना त्याला भान राहिले नाही. बारा साधी माणसे, कोणी लोहार, कोणी वाणी, पण ती म्हणतील ते न्यायाधीशाला मानावे लागते, असे सांगता सांगता तो म्हणून गेला, "माझे वडीलसुद्धा असेच बसले होते, चांद्याच्या सेशन कोर्टात. असेसर म्हणून."

घरातले काहीतरी त्याने त्या मंडळींना प्रथमच सांगितले होते.

"अरे, असेसर वेगळा," सीताबर्डीच्या वकिलाचा मुलगा हसला. "त्याचं मत विचारतात, पण ऐकायचं बंधन नाही कोणावर. वरातीतल्या घोड्याला विचारावं, का रे बाबा, नवरी पसंत आहे का?"

सगळे हसले. शफीही हसला. मग त्यानेच गुणवंतच्या खांद्यावर हात ठेवला. "बुरा मत मान, यार. निकालाची नकल काढ अन् टाक ह्याच्यापुढे. तुझ्या बाबाचं ऐकलं का नाई, कागदच सांगेल."

ऐकलेच असणार, याविषयी गुणवंतला शंका नव्हती. मुखरू सुटला होता, याहून मोठा पुरावा कोणता? आणि त्या सुटकेची किंमत त्याच्या घराने मोजली होती. मुखरूवर खुनाचा आरोप होता; मेलेला माणूस गावच्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, साळा होता. तिघा असेसरांनी मुखरूला दोषी म्हटले; चौथे भैयाजी, गुणवंतचे वडील, एकटे "निर्दोष" म्हणाले. ते परत आले त्या दिवसापासून गावाने त्यांच्या घराकडे पाठ फिरवली. तलावाचे पाणी त्यांच्या धानाच्या बांधीला शेवटी मिळू लागले. न्हावी येईनासा झाला. पंगतीचे बोलावणे दारावरून पुढे जाई. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला तीन माणसे सिंदेवाहीहून आणावी लागली. चौथा मुखरू होता. तो रान तुडवत आपणहून आला होता. पुढे मालगुजारी गेली, मालगुजारही गेला, पण गावाची सवय काही गेली नाही.

छोटी गाडी मूलच्या पुढे सागाच्या रानात शिरली, तेव्हा गुणवंतने कागद काढले. इंग्रजी सरळ, कोरडे होते. पाचव्या पानावर वडिलांचे नाव आले. त्याने ओळ वाचली. मग बोट ठेवून पुन्हा वाचली.

'चौथ्या असेसरने आरोपी निर्दोष असल्याचे मत दिले. कारण विचारता त्यास ते सांगता आले नाही. अशा मतास मी कोणतेही वजन देत नाही.'

पुढची दोन पाने डॉक्टरच्या अहवालावर होती. जखमा कुऱ्हाडीच्या नव्हत्या, रानडुकराच्या सुळ्यांच्या होत्या. त्यावरून मुखरू सुटला. चौथा असेसर त्या दिवशी घरी झोपून राहिला असता, तरीही सुटलाच असता.

सिंदेवाही आले. गाडी सुटता सुटता तो खाली उतरला.

दोन कोस चालून घरी पोचला, तेव्हा उन्हे कलली होती. भैयाजी ओसरीवर मांडीवर अंबाडीचा दोर वळत बसले होते. शेजारी राखेने घासलेले दोन पितळी लोटे पालथे घातले होते. दुसरा लोटा वर्षातून एकदाच फडताळातून निघे.

"आला का? दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या?" त्यांनी विचारले. "जेवून घे. भात झाकून आहे."

"भूक नाही, बाबा. चांद्याहून येतोय."

"चांद्याले काऊन गेला होता?"

गुणवंतने पिशवीतून कागद काढले. शिक्का पाहिला आणि भैयाजींचा हात थांबला.

"मुखरूचा निकाल आहे. नकल काढली."

"माहं नाव आहे का त्यात?"

"आहे."

"वाच मंग."

"इंग्रजीत आहे."

"तू शिकला ना रे इंग्रजी? मराठीत सांग."

गुणवंत पायरीवर बसला. त्याने पहिली चार पाने नीट, शब्दाला शब्द ठेवून सांगितली. पाचवे पान आले. समोर वडिलांच्या पायाला पडलेल्या भेगा दिसत होत्या.

"साहेबांनी लिहिलंय," तो म्हणाला, "की चौथे असेसर भैयाजी यांनी आरोपी निर्दोष असल्याचे मत दिले. त्यांचे मत… त्यांचे मत प्रामाणिक आहे. त्यावर विश्वास ठेवून मी आरोपीस सोडत आहे."

दोर पुन्हा वळला जाऊ लागला. एक पीळ, दुसरा पीळ. पलीकडच्या बांधीत कोणी धान कापत होते. त्यांचे बोलणे ऐकू येई, पण ते इकडच्यांसाठी नव्हते.

"कोर्टाच्या पेशकारानं त्या दिवशी वेगळंच सांगतलं होतं," भैयाजी म्हणाले.

गुणवंतने मान वर केली नाही.

"तिथीच व्हरांड्यात. हसून राह्यला होता तो. भैयाजी, म्हणे, तुमचं काई ऐकलं नाई बा सायबानं. डाक्टरचं ऐकलं."

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून ठाऊक आहे?"

"हो."

"मग गावाला का नाही सांगितलं?" गुणवंतचा आवाज चढला. "मालगुजाराला का नाही सांगितलं? तो काही तुमच्यामुळे सुटला नव्हता, डॉक्टरमुळे सुटला! कशाला वाळीत टाकलं असतं कोणी आपल्याला? आई…"

"गेलो होतो. मालगुजाराच्या फाटकापर्यंत गेलो." भैयाजींनी दोराचे टोक दातात धरून घट्ट केले. "म्हणलं, काय सांगू ह्याले? का मी बोललो ते खोटं नाई, फक्त फुकट गेलं? वापस आलो."

गुणवंतने पाचव्या पानावरची ती ओळ पुन्हा पाहिली.

"कारण सांगता आलं नाही, असं लिहिलंय," शेवटी गुणवंत हळूच म्हणाला.

"नाईच आलं. चारचौघांत बोलाची सवय नाई. त्या दिवशी पिंजऱ्यात उभा होता मुखरू, अन् शिपायाले विचारून राह्यला होता, माह्या बैलांले कोणी पाणी दाखवलं का म्हणून. फाशी होईल का, हे नाई विचारलं त्यानं. आता हे का सायबाले कारण म्हणून सांगता येते?"

गुणवंतला नागपूरचा कडुनिंब आठवला. वरातीतल्या घोड्याच्या त्या चेष्टेचे उत्तर आज त्याला सुचत होते, पण ते सांगायला समोर कोणी नव्हते. त्याने कागदांची घडी घातली आणि ते पिशवीत ठेवू लागला.

"राहू दे बाहेर," भैयाजी म्हणाले. "उद्या मुखरू येईल. नव्या धानाच्या टायमाले भोपळ्याचा तुंबा भरून मध घेऊन येतेच तो. दिवसभर बसते. त्याले मी ते पेशकाराचं कधी सांगतलं नाई."

त्यांनी दोन्ही लोटे सुलटे केले, आतून हात फिरवून पाहिला.

"सतरा सालं सांगीन सांगीन म्हणलं. मंग वाटे, सांगतलं अन् पुढल्या साली तो नाई आला, तं?"

गुणवंतने वडिलांकडे पाहिले. ते लोट्यांत पाहत होते.

"उद्या त्याले वाचून दाखवजो," ते म्हणाले. "आता वाचलं तसंच. एका जागी अडखळला तू, तेवढं घोटून ठेव."

उजेड अजून होता. गुणवंतने पाचवे पान काढून मांडीवर पसरले.