माया नसलेली

रकाना बोटभर लांबीचा होता, कोरा... 'मुलीचे नाव'. पेन त्यावर यायचं आणि अडायचं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, लोकांच्या चुका निवडल्या – आणि आता नातीच्या जन्मनोंदणीच्या अर्जावर, स्वतःच्या अक्षरात...

अमाया. मुलानं आणि सुनेनं ठरवलेलं. 'अ' म्हणजे नाही, माया नसलेली! "हल्लीची नावं ही अशी, ना शेंडा ना बुडखा," असं ते महिन्यापूर्वी मुलाला म्हणालेही होते. त्यांनी सुचवलं होतं ऋजुता. सुनेला जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांच्या ओठांवरून तिनं ते नाव वाचलं, हसली, मग खाली पाहिलं. नाही आवडलं तर नाही, पण त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

आणि आज सकाळी ते चपला घालत असताना मुलगा दारापर्यंत आला.

"बाबा, तिला तुम्ही सुचवलेलंच नाव ठेवायचं होतं. आठवडाभर आरशासमोर म्हणून बघत होती. जमेना, तशी रडली. खुणेनं म्हणाली, माझ्या तोंडून पोरीचं नाव मोडायला नको."

"मग मला सांगायचंत की रे!"

"तुम्हाला वाईट वाटेल, म्हणाली."

तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. चार वर्षं ऐकलेला, झिजलेल्या अक्षर-खिळ्यांनी छापल्यासारखा, अर्धा पुसट – त्यात 'बाबा' तेवढं नेहमी लख्ख उमटायचं, आणि ते का, ओठांवर दिसतात तीच अक्षरं तिला साधतात, हे त्यांना आज कळावं?... पाळण्यावर वाकून ती म्हणत होती, अमाया. एक कानामात्रा इकडची तिकडे नाही.

"आजोबा, लिहिताय ना? मागे रांग आहे," खिडकीतली कारकूनबाई म्हणाली.

त्यांनी लिहिलं. अर्ज खिडकीतून आत सरकवला.

"वेगळंच आहे. अर्थ काय हो?"

"हिच्या आईला म्हणता येतं," ते म्हणाले. बाईंना कळलं की नाही कोण जाणे, शिक्का पडला.

बाहेर पायऱ्यांवर ते थांबले. घरी जाऊन सुनेला काहीतरी सांगायला हवं होतं... ओठांनी नव्हे, ओठ ती वाचतेच, चार वर्षं तीच वाचत आलीय. खुणा शिकायची आपल्याला गरजच पडली नाही – नव्हे, तिनं पडू दिली नाही. ऊर भरून आला, आणि त्या भरण्यात थोडी लाजही होती. येणारेजाणारे बघत होते, तरी त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली, दोन्ही हात मोकळे केले, छातीपाशी आणले... आणि पुढं काय करतात, ते त्यांना येत नव्हतं.