आजोबांच्या हाताखाली

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे. संगणकाचा हो, मांजरीशी माझे वैर नाही. माझ्या पोटाखाली लाल दिवा आहे, पण पडद्यावर काय चालले आहे ते मला कधीच दिसले नाही. पाठीवरच्या हातावरून आणि कानांवर पडेल त्यावरूनच मी जग ओळखत आलो.

कारखान्यातून निघून मी वीज कंपनीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांच्या टेबलावर आलो. आजींची नजर अधू झाली होती. म्हणून रोज चहा झाला की त्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि आजोबा बातम्यांची संकेतस्थळे उघडून त्यांना मोठ्याने वाचून दाखवत. चार ठिकाणी एकच बातमी असायची. "शिळंच गरम करून वाढतायत मेले," आजी म्हणायच्या, तरी शेवटपर्यंत ऐकायच्या. "चाक कसं लोण्यासारखं फिरतंय बघ," असे आजोबा माझे कौतुक करायचे. सुखाचे दिवस होते.

मग आजोबांना बागकामाच्या चर्चेचा एक मंच सापडला. पिवळ्या पडलेल्या पानांबद्दल त्यांनी प्रश्न विचारला, लोकांनी आपुलकीने उत्तरे दिली. पुढे कुंडीला पाणी सकाळी घालावे की संध्याकाळी, यावरून 'मातीवाला' नावाच्या कुणाशी त्यांची जी जुंपली, ती जुंपलीच. पाठीवरचा हात घामट झाला. उत्तर आले का हे पाहायला पुन्हापुन्हा टिचकी! माझे चाक खरखरू लागले, डावे बटण खिळखिळे झाले. आजोबा आता दातओठ खात मनातल्या मनात वाचत. आजी शेजारी नुसत्याच बसून राहत. आणि खिडकीतल्या कुंडीला ना सकाळी पाणी मिळे, ना संध्याकाळी. मी फार दमलो होतो.

एके दिवशी आजी म्हणाल्या, "अहो, आज जगात काहीच झालं नाही का?"

"थांब गं, या मातीवाल्याला एकदा गप्प बसवू दे."

"मग तेच वाचा, पण मोठ्यानं. तुमचा आवाज तरी ऐकू दे."

आजोबांनी घसा खाकरला. "'अरे अडाण्या, आईबापांनी काही शिकवलं की नाही तुला? तुझ्यासारख्याच्या दारात गवतसुद्धा...'" एवढ्यावरच ते थांबले.

"शी! कसा बोलतो हा मातीवाला!" आजी कळवळून म्हणाल्या. "तुम्ही नका हो मनाला लावून घेऊ. घरी बोलायला कुणी नसेल बिचाऱ्याला."

पाठीवरचा हात गार पडला. ते शब्द माझेच बटण दाबून पाठवले होते.

"अगं," आजोबा हळूच म्हणाले, "हे मी लिहिलंय."

आजींनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "आज राहू दे. उद्या बातम्या वाचा."

मित्रांनो, मला पुसत जा, आपटू नका, हे तर कोणतेही यंत्र सांगेल. मी थकलेला आहे, म्हणून एवढेच मागतो. लिहिलेले पाठवण्याआधी घरातल्या कुणाला तरी ते मोठ्याने वाचून दाखवा. जीभ अडखळली, तर बोट उचला. एकदा गेलेले मला परत आणता येत नाही.