कमरेपाशी उरलेल्या रेघा

गिटारच्या दोन्ही बाजू वाकवून, मानेच्या आणि बुडाच्या ठोकळ्यांना चिकटवून एकदा सांगाडा उभा राहिला, की त्याच्या कडेवर पेन्सिलीने रेघा ओढायच्या. आडव्या, दाट, सगळीकडून. मग तो पालथा घालून, आतून सँडपेपर लावलेल्या उथळ लाकडी परातीत जात्यासारखा फिरवत राहायचे. उंचवटे आधी घासले जातात, रेघाही तिथून आधी जातात. खोलगट जागी त्या हट्टाने बसून राहतात. शेवटची रेघ गेली, की कड परातीला सर्वत्र टेकली असे समजायचे आणि मगच पाठीची फळी लावायची. पाराचोत, मेक्सिकोतल्या आमच्या या गिटारींच्या गावात, हे कोणी कोणाला शिकवत नाही; बघता बघताच येते. इसाउरोला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, यातले एवढेच समजले होते, की रेघा जायला हव्यात.

इसाउरो हा माझ्या अबुंदिओमामांचा एकुलता मुलगा. अकरा वर्षे मोरेलिया शहरात मोबाइलची कव्हरे विकून तो परतला, तो थेट उस्ताद होऊनच. अंगावर चामड्याचा एप्रन आणि त्यावर सरसाचा एक डाग नाही. ऑगस्टच्या जत्रेतल्या स्पर्धेत त्याला गिटार ठेवायची होती आणि तिच्यातल्या लेबलावर नाव हवे होते वडिलांचे. लेबल पाठीच्या आतल्या अंगाला, पाठ बंद करण्यापूर्वी लावतात. पाठ त्या दुपारी लावायची होती, म्हणजे जे व्हायचे ते तेव्हाच. त्रेचाळीस वर्षांत मामांचे नाव वाकड्या गिटारीत गेलेले नव्हते. त्यांचे डोळे गेल्यापासून ते नाव मी लिहिते, त्यांच्या अंगठ्याने कड तपासून होकार दिल्यावर.

मी जेवून परतले तेव्हा तो बोटांवरची साय चाटत होता. कोरुंडा, म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफवलेला उंडा, ज्यातून सोडवून खाल्ला ते मक्याचे पान परातीतच पडले होते.

“झालं. डेल्फिना, लेबल काढ.”

“एवढ्यात? मी गेले तेव्हा कमरेपाशी सगळ्या रेघा होत्या.”

“आता एक तरी दाखव.”

खरेच एकही नव्हती. कड नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखी निर्मळ. परातीत भुकटी मात्र चिमूटभर.

मामांनी सांगाडा मांडीवर घेतला. अंगठा खांद्यावरून उतरला, कमरेच्या बाकापाशी थांबला, मागे गेला, पुन्हा आला.

“हे ओलं कसं?”

“फडकं फिरवलं, बाबा. रेघा घालवायच्या होत्या ना? गेल्या.”

तो खोटे बोलला असता तर मला त्याचा राग तरी आला असता. खोटे बोलायला खरे काय ते ठाऊक असावे लागते. हा माणूस ताप उतरावा म्हणून थर्मामीटर झटकत होता, आणि शाबासकीसाठी मान पुढे करून उभा होता.

मामांनी सांगाडा परातीत ठेवून एका टोकाला बोटाने दाबला. टक. दुसऱ्या टोकाला. टक.

“यावर पाठ बसणार कशी?”

“रबर आवळू की! सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. आवळल्या की मुकाट बसते. नाहीतर ही घासून देईल तासाभरात. हिला दुसरं काम काय?”

“आहे की. तुझ्याकडे बघत बसायचं,” मी म्हटले. “सर्कस रोज थोडीच येते गावात!”

“बघा, बाबा! कॉलेजात जाऊन हीच जीभ शिकून आली.”

मामा गप्प. आणि त्या गप्प बसण्यात माझा तिरस्कार मुलावरून सरकत बापापर्यंत पोहोचला. एकोणिसाव्या वर्षी मी अशीच एक कंबर चार दिवस घासली होती, बोटांची सालटी निघेपर्यंत. तेव्हा याच अंगठ्याने तीनदा तो सांगाडा परत ढकलला होता, एका शब्दाविना. आज रक्ताचे नाते समोर उभे राहताच अंगठाही आंधळा होणार, असे मला वाटले. तासाभरात मी ती कड सरळ केली असती. पण मी हात पुढे केला नाही.

“डेल्फिना,” मामा म्हणाले, “लिही.”

मी टाक उचलला. दौतीचे झाकण उघडताना इसाउरोकडे पाहणे टाळले. त्याचे हसू मला त्याच्या श्वासातच ऐकू येत होते.

“इसाउरो उइपे,” मामा सावकाश म्हणाले. “माझं नको. त्याचं नाव.”

मग इसाउरो वाकला, वडिलांचा हात त्याने कपाळाला लावला, आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटले, गादी मिळाली. मामांनी हात सोडवून घेतला नाही; चेहरा तेवढा खिडकीकडे वळवला.

“बाबा… नावाआधी ‘उस्ताद’ घालू दे?”

“जागा असेल तर घाल म्हणावं,” मामा म्हणाले.

मी अक्षरे जरा मोठी काढली. जागा उरली नाही.