हंड्यावरचं बेलपान

मी रांगोळीचा छापा बोलतोय. आवाज दबका येतोय, कारण माझी निम्मी भोकं ऑइलपेंटनं बुजलीत.

माझा जन्म औशातला. व्यंकटी पत्रेवाल्यानं तेलाचा डबा कापला आणि खिळ्यानं माझ्यावर बेलाचं तीन पानी डहाळं टोचलं. सिद्धम्मानं मला घरी नेलं. रोज सकाळी उंबऱ्यापुढं सडा, त्यावर मी, वरून मूठभर पांढरी रांगोळी. यापलीकडं मला काही ठाऊक नव्हतं.

मग टंचाई आली, सडा बंद झाला. सुक्या मातीवर रांगोळी ठरेना. मी दाराजवळच्या देवळीत पडून राहिलो.

लातूर जिल्हा झाल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. सिद्धम्माची मुलगी नीलम्मा लातूरच्या कॉलेजातून सुटीला आली. नव्या जिल्ह्याच्या कौतुकात कॉलेजनं स्पर्धा ठेवली होती : घरातली जुनी नक्षी नव्या जागी वापरून दाखवा. तिनं मला उचललं. मला वाटलं, उशीचा अभ्रा असेल.

गल्लीत टँकरसाठी हंड्यांची रांग लागलेली असायची. सगळे पत्र्याचे, एकाच दुकानातले. ओळख फक्त वर रंगवलेल्या नावाची. नीलम्माचे चुलते गुरुबसप्पा यांचे हंडे कधीही आले तरी सगळ्यांत पुढं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शरणम्माचा एकुलता हंडा शेवटी. तिच्या घरात ओली बाळंतीण, आणि टँकर तिच्यापर्यंत येईतो रिकामा.

"आप्पा, एकदा तिला पुढं घ्या की."

"आपलं नाव पहिल्यापासनं पुढंच हाय. तुझं शिक्षण कालिजात ठेव."

भर दुपारी गल्ली झोपली. नीलम्मानं प्रत्येक नावावर हिरवा पट्टा ओढला. तो वाळतो न वाळतो तोच मला वर दाबून पांढरा रंग फासला. मी हादरलो. पिंडीवर वाहायचं पान, आणि ते पत्र्याच्या पोटावर? चिकट रंग भोकाभोकांत शिरला. मग तिनं सगळे हंडे एकमेकांत मिसळून टाकले.

टँकर आला. गुरुबसप्पा वाकून वाकून हंडे बघू लागले.

"यातले माझे कुठले?"

"सगळेच तुमचे, आप्पा. न्हाईतर सगळेच शरणम्माचे."

त्यांनी नखानं खरवडायला हात नेला, बेलपान बघितलं आणि हात मागं घेतला. कुणीतरी बाई फिस्सकन हसली, "आता म्हाद्येवालाच विचारा."

टँकरवाला कटकट करू लागला. शेवटी एकेका घराला एकेक हंडा, असं भरणं सुरू झालं. शरणम्मानं पहिला भरलेला हंडा उचलला आणि कुणाकडं न बघता चालू लागली.

स्पर्धेसाठी नीलम्मानं तिच्याकडं हंडा मागितला.

"आन् पानी कशात भरू, तुझ्या बक्षिसात?"

म्हणून लातूरला मी एकटाच गेलो. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "छापा आहे. वस्तू कुठं आहे?"

"पाण्याला गेलीय," नीलम्मा म्हणाली.

त्यांनी तिला बाद केलं. बक्षीस एका दिव्याच्या झाकणाला मिळालं. मला याचा धक्का बसला नाही. धक्का आज बसला, एसटीतून उतरल्यावर. गुरुबसप्पांच्या दारात नवे कोरे हंडे होते आणि पेंटर त्यावर मोठ्या अक्षरांत नाव काढत होता.

कुणाकडं दाभण असेल तर नीलम्माला द्या. माझी भोकं मोकळी करायचीत. टँकर उद्या सकाळी येतोय.