दाराजवळची शेवटची खुर्ची

“हिला जमिनीत बोल्ट मारा. ही एकटी उभी राहायची नाही, कधीतरी माणसासकट आडवी होईल,” असं मला थिएटरातून उचकटून काढणाऱ्या फिटरने बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. चाळीस वर्षं माणसं पेललेल्या खुर्चीला हा कालचा फिटर शहाणपण शिकवणार!

मित्रांनो, मी सिनेमाच्या थिएटरातली खुर्ची. बाल्कनीच्या शेवटच्या ओळीत, दाराला अगदी लागून माझी जागा होती. ओतीव लोखंडाचा पाय, प्लायवुडची पाठ, काथ्या भरलेली गादी आणि वर लाल रेक्झिन. माणूस उठला की माझी बैठक आपोआप वर उडायची आणि ‘थाड’ असा आवाज व्हायचा. एक गोष्ट मात्र तुम्हाला ठाऊक नसेल. थिएटरातल्या खुर्चीला स्वतःचे दोन पाय नसतात. दोघींमध्ये मिळून एक असतो. वाटेकडचा पाय तेवढा माझा, दुसऱ्या बाजूने मी शेजारणीच्या पायावर टेकलेली. हातही तसाच सामाईक. त्या एका हातावर कोणाचं कोपर राहणार, यावरून झालेली भांडणं मी पुष्कळ पाहिली. एक लग्नही त्यातूनच जुळलं.

दाराची उघडझाप होत असल्यामुळे माझं तिकीट फक्त हाउसफुल्लच्या दिवशी विकलं जाई. एरवी माझ्यावर आमच्या थिएटरचे बॅटरीवाले गृहस्थ बसत. अंधारात उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात जागेवर नेऊन बसवणं हे त्यांचं काम. उजेड नेहमी पावलांवर, कधी कोणाच्या तोंडावर नाही. एकदा पिक्चर सुरू झाला की दार माणूस आत शिरेल एवढंच उघडायचं आणि लगेच मिटायचं. “पडद्यावर उजेड पडला की त्यातली माणसं मरतात,” असं ते म्हणत. दारात रेंगाळणाऱ्याला ते खांद्याला धरून बाहेर काढत. स्वतःच्या मुलालाही त्यांनी एकदा काढलं होतं. तेव्हा तो सातवीत होता आणि मित्रांसमोर त्याची चांगलीच शोभा झाली होती.

पण कडक माणूस आतून मऊ असतो, हे मला रोज दिसे. तान्ही मुलं रडायला लागली की त्यांच्या आया माझ्या मागच्या मोकळ्या जागेत येऊन मुलाला थोपटत उभ्या राहत. मूल शांत होईपर्यंत पिक्चर संपलेला असे. अशा आयांना बॅटरीवाले जिन्यापर्यंत सोडायला जात आणि हळूच सांगत, “शेवटी भाऊ सापडतो हो त्याला. जिवंत असतो. निश्चिंत झोपा.”

तिथे कोणी एकटं नसायचं. एकाला हसू आलं की पलीकडच्यालाही यायचं, विनोद कळला नसला तरी. एकदा मधल्या ओळीतल्या एका गृहस्थांना घेरी आली. ते खाली पडण्याआधीच चार हात पुढे झाले होते, आणि पाचवा माणूस ओरडत होता, “अहो, त्यांना वारा घाला, पण खाली बसून घाला!”

मग हळूहळू ओळी रिकाम्या पडू लागल्या. माझ्या शेजारणीचं रेक्झिन फाटलं, ते कोणी शिवलं नाही. एक दिवस थिएटरला कुलूप लागलं आणि आम्ही भंगारात निघालो. तेव्हा बॅटरीवाले आले. त्यांनी चाळीस वर्षांत काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मला मागितलं.

त्यांच्या मुलाचा धंदा काय, माहीत आहे? लोकांच्या घरी थिएटर बसवून देण्याचा! ज्याला बापाने थिएटरातून बाहेर काढलं, त्याने बापासाठी घरातच थिएटर बांधलं. मागची खोली रिकामी केली. भिंतींना लोकरीसारखे जाड थर आणि वर कापड लावलं, दाराला रबराच्या पट्ट्या बसवल्या. छताला प्रोजेक्टर, समोर भिंतभर पडदा, पाठ मागे रेलणाऱ्या तीन गुबगुबीत खुर्च्या आणि कोपऱ्यात, दाराजवळ, मी. सुताराने मला दुसऱ्या बाजूला लाकडी पाय लावून दिला. फिटरसारखंच त्यानेही बोल्ट मारायला सांगितलं. मुलगा म्हणाला, “नव्या गालिच्याला भोकं पाडू? राहू दे, नीट उभी आहे की.”

मलाही वाटलं, आहेच की!

खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मला ती खोली आवडली. आवाज असा स्वच्छ, की पडद्यावर कोणी कागद फाडला तर आपल्या हातात फाटल्यासारखा वाटे. पुढे कोणाचं डोकं नाही, मागून पाठीला गुडघे नाहीत. घरातल्या सूनबाईंना तर ती खोली म्हणजे मोठं सुख होतं. बाळ झाल्यापासून त्यांनी एकही पिक्चर धड पाहिला नव्हता. इथे बाळ रडलं की पिक्चर थांबवायचा आणि पुन्हा तिथूनच लावायचा. असा एक पिक्चर त्यांनी चार दिवसांत पुरा केला, पण शेवट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मागच्या मोकळ्या जागेतल्या त्या सगळ्या आया मला तेव्हा आठवल्या.

बॅटरीवाले आता आजोबा झाले होते, पण शिस्त तीच होती. दुपारी जेवून ते आत येत. गुबगुबीत खुर्च्यांकडे ढुंकूनही न बघता माझ्यावर बसत. दार मिटत. घरात सगळ्यांना ताकीद होती की पिक्चर चालू असताना दार उघडायचं नाही. बरोबर सव्वा तासाने ते पिक्चर थांबवत, दिवे लावत आणि दार उघडून मोठ्याने म्हणत, “मध्यंतर!” मग बाहेर चहा आणि बिस्किटं. त्यांना मधुमेह होता, गोळी चालू होती, आणि गोळीनंतर पोट रिकामं राहिलं की साखर एकदम उतरे. त्यामुळे ती बिस्किटं म्हणजे नुसता लाड नव्हता, औषधाचाच भाग होता. सूनबाई बशी तयार ठेवूनच बसत.

सूनबाईंना घरात सगळे भित्री म्हणत. बाळ झोपलं तरी त्याच्या नाकासमोर बोट धरून बघणारी ती बाई. “श्वास चालू आहे गं त्याचा,” असं म्हणून नवरा हसायचा.

एका रविवारी आजोबांना त्यांच्या तरुणपणातला एक पिक्चर मिळाला. त्या आनंदात ते चारच घास खाऊन उठले. गोळी मात्र न चुकता घेतली. आत आले, दार मिटलं, माझ्यावर बसले. पहिल्या गाण्याला त्यांनी माझ्या हातावर ताल धरला. दुसऱ्या गाण्याला त्यांचा ताल चुकू लागला. मग त्यांचा तळवा ओला झाला, इतका ओला की माझं रेक्झिन निसरडं झालं. त्यांना काहीतरी होत होतं. उठायचं म्हणून त्यांनी सगळा भार एका बाजूला, लाकडी पायाच्या बाजूला टाकला.

आणि मी आडवी झाले. माणसासकट.

माझी बैठक ‘थाड’ करून वर उडाली. थिएटरात त्या आवाजाला अख्खी ओळ मागे वळून बघायची. इथे त्या मऊ भिंतींनी तो आवाज गिळून टाकला. रिमोट कुठेतरी खाली गेला. आजोबा गालिच्यावर पडून हाक मारत होते, पण समोर पडद्यावर लग्नाची वरात निघाली होती आणि ढोल वाजत होते. हळूहळू त्यांची हाक बारीक झाली. मला हात होते, पण ते फक्त कोपर ठेवण्यापुरते.

बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. घरात ते इतक्यांदा सांगितलं गेलं की मला पाठ झालं आहे. सूनबाई बाळाला खांद्यावर घेऊन घड्याळाकडे बघत होत्या.

“मध्यंतर झालं नाही अजून,” त्या म्हणाल्या.

“पिक्चर मोठा असेल. बघू दे ना त्यांना निवांत,” नवरा म्हणाला.

“सहा मिनिटं वर झाली.”

“सहा मिनिटं! अगं, तू दार उघडलंस तर मला बोलतील ते. मी एकदा खाल्लीयत ती बोलणी, सातवीत.”

“मी ऐकते बोलणी.”

“उजेड पडला म्हणून ओरडतील.”

“ओरडू देत,” सूनबाई म्हणाल्या. “ओरडले तर बरंच.”

आणि त्यांनी दार सताड उघडलं. पडद्यावर उजेड पडला, वरात पुसट झाली आणि माझ्या शेजारी पडलेले आजोबा दिसले. सूनबाईंनी बाळ नवऱ्याच्या हातात दिलं आणि किंकाळी न फोडता आधी साखरेचं पाणी आणलं. आजोबा तेवढं गिळू शकत होते. सूनबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन एकेक चमचा पाजलं. नवरा एका हाताने बाळ सांभाळत डॉक्टरांना फोन लावत होता आणि त्याला नंबर सापडत नव्हता. डॉक्टर आले तेव्हा म्हणाले, “अजून अर्धा तास गेला असता तर मला काही सांगता आलं नसतं.”

आजोबांनी डोळे उघडले तेव्हा पहिलं वाक्य काय बोलले असतील?

“दार लाव. उजेड येतोय.”

“नाही लावणार, बाबा,” सूनबाई म्हणाल्या, आणि मग मात्र त्या रडल्या. “बरं,” आजोबा म्हणाले. “राहू दे उघडं.”

त्यानंतर मुलगा मला गच्चीवर टाकून देणार होता. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सुतार बोल्टचं सांगत होता तेव्हा त्याला गालिचा प्यारा होता आणि मला माझा तोरा. पण आजोबा म्हणाले, “तिचं काय चुकलं? तिला एकटं उभं केलं आपण.” दुसऱ्या दिवशी मुलानेच गालिच्याला भोकं पाडली आणि मला चार बोल्ट मारले. मारताना मध्येच थांबून तो म्हणाला, “बाबा, मी लोकांना अभिमानाने सांगतो की आतला आवाज बाहेर जात नाही.” आजोबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आता पिक्चर चालू असताना त्या दाराला खालून लाकडी पाचर असते. फटीतून उजेडाची पट्टी आत येते, स्वयंपाकघरातली भांडी ऐकू येतात, बाळ रांगत येऊन माझा लोखंडी पाय धरून उभं राहतं. आवाज पूर्वीसारखा स्वच्छ राहिला नाही. आजोबा रोज त्याबद्दल कुरकुर करतात आणि कोणी आत आलं नाही तर त्याबद्दलही करतात.

मित्रांनो, घरात थिएटर बांधा, मोठा पडदा लावा, जुन्या खुर्च्यांचे बोल्ट आवळा, त्यांची गादी शिवून घ्या. पण तुमच्याही घरात कोणी म्हातारं माणूस दुपारचं दार लावून एकटंच काही बघत बसलं असेल. ‘त्यांना त्रास नको’ म्हणून तुम्ही बाहेर थांबला असाल. हे पान इथेच ठेवा. उठा, दार ढकला, बोलणी बसली तर खा, आणि त्यांच्या शेजारी बसून विचारा, “मागचं सांगा ना, काय झालं आत्तापर्यंत?”