पॉलिशवाल्याचं निळं कपाट

आमच्या माहेरी लाकडाला रंग लावणं हे चोरीपेक्षा वाईट. चोराला एक वेळ पाणी विचारतील, रंगाऱ्याला दारात उभं करणार नाहीत. आजोबा पॉलिशवाले, बाबा पॉलिशवाले, आता दादा पॉलिशवाला. आणि मी पॉलिशवाल्याची मुलगी, म्हणजे लाख कुटायची, स्पिरिटमध्ये भिजत घालायची, फडक्यातून गाळायची आणि बाटली कामाच्या खोलीच्या दाराशी नेऊन द्यायची. आत जायचं नाही. "बायकांचा हात जड असतो," बाबा म्हणायचे. पंधरा वर्षं याच जड हाताने गाळलेली लाख मात्र त्यांना चालली.

बाबा गेल्यावर दादाने घर आवरलं, तेव्हा त्यांचं कपाट बाहेर निघालं. पाणी लागून दारांवर पांढरे डाग पडलेले, एक पाय कुजलेला. "असलं सागवान आता डोळ्यांना दिसायचं नाही," दादा म्हणाला, "पण माझ्याकडे जागा कुठे आहे? तू ने. जप मात्र."

मी नेलं, सुताराकडून पाय बदलून घेतला आणि निळ्या रंगाचा डबा आणला.

याला कारण होतं. आमच्या कोपऱ्यावर मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. माझ्या स्वयंपाकघरातलं कोऱ्या लाकडाचं स्टूल मी पिवळं केलं होतं, ते त्यांनी एकदा पाहिलं. "माझ्याकडे सगळं फर्निचर तपकिरी," त्या म्हणाल्या. "पोरं दारातच भोकाड पसरतात. एक मोठी वस्तू रंगवून दाखवा. जमलं तर बाकं, स्टुलं, टेबल, सगळं तुमच्याकडे. शनिवारी येते बघायला." शेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे माझं काम मागितलं होतं. त्या रात्री मी दोनदा उठून डबा बघून आले.

मंगळवारी दोन हात मारले. कपाट असं खुललं की आमचे हे चहाचा कप घेऊन समोरच बसले. बसले ते बसले, कौतुकाच्या भरात दादालाही फोन करून सांगितलं. यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

बुधवारी सकाळी दादा हजर. पाणीसुद्धा घेतलं नाही. दाराच्या कडेला नख लावलं आणि ओढलं. दुधावरची साय निघावी तशी वीतभर निळी पट्टी त्याच्या हातात आली.

"बघ," तो म्हणाला, "लाकूडच नको म्हणतंय. तीन पिढ्यांची अब्रू आहे गं ही, पोरखेळ नाही. पुसून टाक सगळं. त्या बाईंना सांग, जमत नाही म्हणून. सांगायची लाज वाटत असेल तर मी सांगतो."

तो गेल्यावर मी ढसाढसा रडले. मग तोंड धुतलं आणि रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने पट्टी हातात घेऊन विचारलं, "आधी पॉलिश उतरवलं होतं का?"

उतरवायचं? आमच्या घरात पॉलिश कधी उतरवत नाहीत. जुन्यावर नवं चढवतात, त्यावर आणखी नवं. शेंबड्या पोराला कळेल अशी गोष्ट मला कळली नाही, कारण मी आमच्या घरची होते.

स्पिरिट, सँडपेपर आणि प्रायमर घेऊन आले, खिडक्या उघडल्या आणि डाव्या दाराला भिडले. आधी निळा रंग सोलला, मग स्पिरिटचं फडकं फिरवलं. तपकिरी पॉलिश फडक्यावर आलं, आणि त्याच्याबरोबर लाकडाच्या रेषाही आल्या. पुन्हा फिरवलं. मधली सुंदर गाठ, जिच्यावरून बाबा पाहुण्यांना बोट फिरवायला लावायचे, ती पसरली आणि पुसून गेली. खाली होतं फिकट, मऊ, खोक्यांचं लाकूड. कपाट दोन हमालांनी हसतखेळत वर आणलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रेषा बाबांनी काढल्या होत्या. बारीक ब्रशने, एकेक करून, खोलीचं दार लावून.

मी फरशीवरच बसले. आधी हसू आलं. मग असा संताप आला की फडकं भिंतीवर फेकलं. हलकं लाकूड भारी करून दाखवलं याचा नव्हता, तो पोटाचा धंदा होता. स्वतः ब्रश धरत होते आणि मला दाराच्या बाहेर ठेवलं, याचा होता.

हे आत आले, बघितलं आणि खूश झाले. "उजव्या दाराला हात लावू नकोस. बोलव दादाला. त्याच्यासमोर पूस. तोंडच बंद होईल त्याचं!"

खोटं कशाला बोलू, मी फोन हातात घेतला होता. दादाचा चेहरा कसा पडेल ते मला दिसतही होतं. पण मग तो काय म्हणाला असता? बाबांनी केलंय ना, मग चालतं. म्हणजे पुन्हा बाबांचीच परवानगी. ते हो म्हणाले की करायचं, नाही म्हणाले की दाराशी उभं राहायचं. मला ती परवानगी नको होती, पुराव्यासकट मिळाली तरी नको होती. मी फोन ठेवला, नवं फडकं भिजवलं आणि उजवं दार पुसून काढलं. हे "अगं, अगं" करत राहिले.

दोन दिवस घासत होते. बोटांची सालपटं निघाली. प्रायमर लावला, वाळू दिला, पुन्हा घासला, मग निळ्याचे दोन हात.

शनिवारी डॉक्टरीणबाई आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ दादा. माझी फजिती बघायला आला होता की मला सावरायला, ते त्याचं त्याला ठाऊक. बाईंनी पर्समधून किल्ली काढली आणि दाराच्या आतल्या कडेवर जोरात ओढली. रंग हलला नाही. ओल्या रुमालाने पुसलं. रुमाल कोरा. दादाने पुढे होऊन हात फिरवला, पुन्हा फिरवला. रंग पक्का बसलाय हे त्यालाही कळलं.

"सुरेख," बाई म्हणाल्या. "सगळं तुम्हीच केलंत?"

मी तोंड उघडायच्या आत दादा बोलला. "आमचं घराण्याचंच काम आहे हे, बाई. तीन पिढ्या. आणि आत वडिलांचं अस्सल सागवान आहे, म्हणून असं बसलंय."

हे खोकले. माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. एक वाक्य पुरलं असतं.

"आत काय आहे ते राहू दे, दादा," मी म्हणाले. "बाई, घासलं मी, रंगवलं मी. काम माझं आहे. एकटीचं."

दादाने वळून माझ्याकडे बघितलं. मीही नजर खाली घातली नाही.

"मग बाकं तुमच्याकडेच पाठवते," बाई म्हणाल्या. "दुकानाचं नाव काय लिहू?"

दादाने आमच्या दुकानाचं कार्ड काढायला खिशात हात घातला.

"दुकान नाही," मी म्हणाले. "माझं नाव लिहा."